काळ्या पाषाणाचे देणे-घेणे

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

आपल्या अक्कलकोट भागात समुद्राची आठवण वर्षातून दोनदाच होते: एकदा सहलीचे ठिकाण ठरवताना, आणि एकदा मृगाच्या तोंडावर, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की नाही हे बातम्यांत ऐकताना. सरळ रेषेत मोजले तरी कोकणचा किनारा येथून तीनशे किलोमीटरवर आहे. अशा गावच्या कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात समुद्राच्या तळाशी दगड आणि पाणी यांचे काय चालते याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आरंभीच देऊन ठेवतो. महासागराच्या तळाचा दगड आणि आपल्या शेताखालचा दगड एकाच जातीचे आहेत. दोघांचाही पाण्याशी अखंड व्यवहार चालतो. एकीकडे दगड पाण्याला देतो, दुसरीकडे पाण्याकडून घेतो. आणि या दोन खात्यांचा मेळ घातल्याखेरीज समुद्र आज आहे तसा का आहे, हे कळत नाही. भूगोल हा विषय कला शाखेत शिकवला जातो. तेव्हा हा हिशेब मांडण्याचा अधिकार आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही आहे, असे मी समजतो.

प्रथम दगडाची ओळख करून घेऊ. ज्याची खडी रस्त्यावर पडते, ज्याचे जाते आणि पाटा-वरवंटा आपल्या आज्यांनी वापरले, ज्याच्या चिऱ्यांत शेजारचा नळदुर्गचा किल्ला उभा आहे, त्या काळ्या पाषाणाला भूशास्त्रात बेसाल्ट म्हणतात. तो ज्वालामुखीचा थिजलेला रस होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून हा रस बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेले. त्यांतून तयार झालेल्या दख्खनच्या पठाराने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. सह्याद्रीकडे या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पूर्वेकडे ती कमी कमी होते. आपण जवळजवळ त्याच्या काठावर राहतो. रेल्वेने कलबुर्गीच्या पुढे गेले की काळा दगड संपू लागतो आणि चुनखडक लागतो. घरोघरी बसवलेली शहाबादी फरशी ती हीच. दख्खनच्या लाव्हारसाहून कितीतरी जुन्या अशा एका समुद्राच्या तळावर साचलेला तो गाळ आहे. म्हणजे एका समुद्राचा तळ आपण रोज झाडतो, पुसतो. फक्त त्याच्याशी ओळख नसते.

पाषाण म्हणजे कधीही न बदलणारी वस्तू, ही आपल्या भाषेची समजूत आहे. निर्दय माणसाला आपण पाषाणहृदयी म्हणतो. न पुसणाऱ्या शब्दाला काळ्या दगडावरची रेघ म्हणतो. परंतु विहीर खणणाऱ्याला विचारले तर तो वेगळेच सांगेल. वर काळी माती, तिच्या खाली मुरूम, मुरुमाखाली फुटका कच्चा दगड, आणि त्याही खाली सुरुंगाशिवाय न हलणारा अखंड पाषाण, असा क्रम त्याला पाठ असतो. ही चार निरनिराळी द्रव्ये नव्हेत; मुळात एकाच दगडाच्या, पाण्याने घडवलेल्या चार अवस्था आहेत. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी दगडाच्या फटींत शिरून त्याच्या खनिजांतील कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम विरघळवून नेते. मागे उरते ती चिकण माती. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, म्हणून आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते. पाणी निघून गेले की आकसते, म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भूशास्त्रज्ञ या सगळ्या फेरबदलाला खडकाचे परिवर्तन म्हणतात.

दगडाने जे गमावले ते पाण्याच्या पदरी पडते. आपल्याकडील कित्येक विहिरींचे पाणी ‘जड’ असते. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो. ही करणी त्या विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचीच. यांपैकी मॅग्नेशियमवर वाचकांनी लक्ष ठेवावे. या लेखाचा नायक तोच आहे. शेतातून झिरपलेले पाणी ओढ्याने बोरी नदीत जाते, बोरी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. अक्कलकोटच्या पाषाणाचे मॅग्नेशियम असे निमूटपणे समुद्राच्या खात्यात जमा होत राहते.

येथून कोडे सुरू होते. समुद्राचे पाणी वाफ होऊन वर जाते तेव्हा क्षार खालीच राहतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात आज साधारण १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. जगातल्या नद्या आजच्या गतीने ओतत राहिल्या तर एवढा साठा व्हायला एक-दीड कोटी वर्षे पुरतात. समुद्राचे वय तर अब्जावधी वर्षांचे आहे. मग बाकीचे मॅग्नेशियम गेले कोठे? जमा दिसते, खर्च दिसत नाही, अशी ही वही होती. समुद्रतळावरच्या गाळात काही मॅग्नेशियम सापडते खरे. पण तेवढ्याने वही जुळत नव्हती.

याच सुमारास उष्णतेचीही एक वही जुळत नव्हती. महासागरांच्या तळाशी सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची एक पर्वतरांग आहे. चेंडूवरच्या शिवणीसारखी ती पृथ्वीभोवती फिरली आहे. तेथे पृथ्वीचे कवच दोन बाजूंना सरकते, फटीतून लाव्हारस वर येतो आणि नवा बेसाल्ट तयार होतो. एवढा ताजा, तापलेला दगड थंड होताना त्यातून किती उष्णता बाहेर पडावी, याचे गणित १९६० नंतरच्या काळात मांडले गेले. तळावर उपकरणे रोवून मोजली, तर उष्णता गणितापेक्षा पुष्कळच कमी भरली. काही संशोधकांनी तर्क केला की दगडाच्या भेगांतून समुद्राचे पाणी आत जात असावे आणि उष्णता उचलून दुसरीकडे बाहेर पडत असावे. जेथे उपकरण रोवले तेथे ती सापडत नव्हती, कारण ती पाण्याच्या वाटेने निघून गेलेली होती. म्हणजे सागरतळावर उन्हाळी असल्या पाहिजेत, हे कोणी डोळ्यांनी पाहण्याआधीच कागदावर ठरले होते.

त्या पाहिल्या गेल्या १९७७ च्या फेब्रुवारीत. पॅसिफिक महासागरात गालापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ नावाच्या लहान पाणबुडीतून अमेरिकी भूशास्त्रज्ञ सुमारे अडीच हजार मीटर खाली उतरले. तेथे तळाच्या भेगांतून कोमट पाणी वर येत होते आणि त्याभोवती शिंपले, खेकडे, लांबलचक नळीत राहणारे किडे यांची दाटी होती. जेथे सूर्याचा किरण पोचत नाही तेथे एवढे जीवन असेल अशी कल्पना नसल्यामुळे त्या मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता! दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडे याच पाणबुडीतून त्याहून अद्भुत दृश्य दिसले. दगडी धुराड्यांतून काळाकुट्ट ‘धूर’ भसाभसा निघत होता. त्यात घातलेल्या तापमापकाची प्लास्टिकची दांडी वितळू लागली. पुढे नीट मोजले तेव्हा पाण्याचे तापमान साडेतीनशे अंश सेल्सियसच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहून अधिक भरले.

साडेतीनशे अंशांवर पाण्याची वाफ का होत नाही, असे कोणीही विचारील. अडीच हजार मीटर खोलीवर वरच्या पाण्याचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या सुमारे अडीचशे पट असतो. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या पुढे जाते, त्याच तत्त्वाचा हा प्रचंड आविष्कार. आणि तो धूर म्हणजे धूर नव्हेच. तप्त पाण्यात विरघळलेले लोह, तांबे, जस्त आणि गंधक दोन-तीन अंशांच्या थंडगार समुद्रजलाला भेटताच न विरघळणारे सल्फाइड कण तयार होतात. काळे दिसतात ते हे कण. तेच तोंडाशी साचून धुराडी उभी राहतात.

आता पाण्याच्या या प्रवासाकडे सावकाश पाहू, कारण दगडाच्या देण्या-घेण्याचे मर्म त्यातच आहे. समुद्राचे पाणी भेगांतून खाली उतरते तेव्हा ते थंड, खारे आणि मॅग्नेशियमयुक्त असते. जसजसे ते तापते तसतसे दगड त्यातील मॅग्नेशियम ओढून घेतो आणि नव्या खनिजांत बांधून टाकतो. पाण्यातील सल्फेटही कॅल्शियमशी संयोग पावून बरेचसे तेथेच बसते. या देवघेवीत पाणी आम्लधर्मी होते. खाली लाव्हारसाच्या साठ्याजवळ ते चारशे अंशांच्या घरात पोचते. आणि असे तप्त, आम्ल पाणी दगडातून लोह, मँगनीज, तांबे, जस्त खेचून घेते. मग हलके होऊन ते वेगाने वर उसळते. या शुद्ध तप्त जलात मॅग्नेशियम जवळजवळ शून्य उरते. ही गोष्ट एवढी भरवशाची आहे की वर आणलेल्या नमुन्यात मॅग्नेशियम सापडले तर संशोधक त्यावरून त्यात साधे समुद्रजल किती मिसळले आहे याचा हिशेब करतात.

हरवलेल्या मॅग्नेशियमचा एक मोठा खर्च असा सापडला. आमच्या शेताखालचा थंड बेसाल्ट पावसाला मॅग्नेशियम देतो. समुद्राखालचा तप्त बेसाल्ट समुद्राकडून ते परत घेतो. जात एकच, पण एक सावकार आणि दुसरा वसुलीदार! लक्षावधी वर्षांच्या कालखंडात महासागरांचे पाणी या खडकांतून फिरून निघते. समुद्राचा खारेपणा केवळ नद्यांनी ठरवलेला नाही. त्याच्या तळाच्या दगडानेही ठरवला आहे.

आणि दगडाचे काय होते? तोही पूर्वीचा राहत नाही. लाव्हारस समुद्रात पडताच त्याच्यावर काचेसारखी साय धरते. थंड पाण्यात ही काच पिवळसर-तपकिरी होते आणि पुढे तिची चिकण माती बनते. ही माती आपल्या काळ्या जमिनीतल्या माँटमोरिलोनाइटच्याच कुळातली असते, हे वाचताना मला फार मौज वाटली. तापमान दोन-अडीचशे अंशांच्या पुढे गेले की त्या मातीच्या जागी क्लोराइट आणि एपिडोट ही हिरवी खनिजे येतात. कॅल्शियम असलेल्या फेल्डस्पारची जागा सोडियमचे फेल्डस्पार घेते. काळा पाषाण हिरवा होतो. संशोधक अशा दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा, उजेड आरपार जाईल असा पापुद्रा घासून काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. कोणते खनिज कोणाच्या जागी आले आणि कोणती शीर कोणत्या शिरेला छेदून गेली यावरून, पाणी किती तापलेले होते आणि किती वेळा आले, हे त्यांना सांगता येते. जुन्या हस्तलिखितात एका शाईवर दुसऱ्या शाईने केलेली दुरुस्ती ओळखावी, तसेच हे काम आहे. मराठी विषय घेतलेल्या माझ्या मित्रांनी त्याला पाठसंशोधन म्हणायला हरकत नाही.

या ठिकाणी एक खुलासा करावयास हवा. गरम पाण्याचे झरे म्हटले की आपल्याला वज्रेश्वरी-गणेशपुरी, राजापूर किंवा उन्हवरे आठवते. तेथेही पाणी खोल भेगांत जाऊन तापून वर येते. पण ते बहुतांशी पावसाचे पाणी असते आणि त्याखाली जिवंत ज्वालामुखी नाही. खोल गेले की जमीन तापलेलीच असते, ती उष्णता त्याला पुरते. आपल्या पाषाणावरही एके काळी कोमट-गरम पाण्याने काम केले आहे. विहीर खणताना दगडाच्या पोकळीत पांढरे, चमकणारे, सुयांसारखे वा पंखासारखे स्फटिक कधी कधी सापडतात. त्यांतले पुष्कळसे झिओलाइट असतात. लाव्हारसात वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी शिरून ते तयार झाले. क्रॉन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये त्यांना हे नाव दिले; त्याचा ग्रीक अर्थ ‘उकळणारा दगड’, कारण तापवले की त्यातले कोंडलेले पाणी फसफसून बाहेर येते. महाराष्ट्रातील झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत, आणि आमच्याकडे मुले त्यांना गारा म्हणून भिरकावून देतात.

आपल्या जवळच्या समुद्रात या विषयावर कोण काम करते, हे आता पाहू. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. गोव्याच्या किनाऱ्यापासून नैर्ऋत्येस दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर कार्ल्सबर्ग नावाची सागरी पर्वतरांग आहे. कार्ल्सबर्ग हे डेन्मार्कमधील निधीचे नाव. त्याच्या साह्याने १९२८ ते १९३० या काळात ‘दाना’ जहाजाची जगप्रदक्षिणा झाली, तीवरून ते या रांगेला मिळाले. या रांगेचा आपल्या पठाराशी थेट संबंध आहे. दख्खनचा लाव्हा वाहिला त्यानंतर भूशास्त्राच्या मोजमापाने थोड्याच काळात आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेला सेशेल्स बेटांचा भूभाग फाटून वेगळा झाला. त्या फाटण्यातून ही रांग जन्मली आणि तिच्या दोन अंगांना अरबी समुद्राचा नवा तळ वाढत गेला. आजही तेथे दोन बाजू वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात त्या सुमाराच्या वेगाने, दूर सरकत आहेत.

या रांगेच्या एका भागाचे भूरूप आणि खडक यांवरचा गोव्याच्या संस्थेतील संशोधकांचा निबंध २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखकांची नावे मुधोळकर, कोडागली, कामेश राजू, वळसंगकर, रानडे, अंबरे अशी आहेत. सोलापूरहून अक्कलकोटला येणाऱ्या प्रत्येकाला वळसंगचा थांबा माहीत आहे. त्या गावाचे नाव धारण करणारे एक आडनाव महासागराच्या तळावरच्या निबंधावर पाहिले, आणि हा विषय परक्यांचा आहे ही भावना माझ्यापुरती तरी संपली.

हे काम होते कसे? पोलादी दोराच्या टोकाला लोखंडी पेटी बांधून ती तळावरून फरफटत नेतात आणि तीत येतील ते दगड वर काढतात. अडीच-तीन किलोमीटर लांबीच्या दोराने, न दिसणाऱ्या विहिरीत गळ टाकण्यासारखेच हे आहे. तप्त निर्झर शोधायची रीतही मोठी हुशारीची. धुराड्यातून निघालेले पाणी तळापासून काही शे मीटर वर चढते आणि मग आडवे पसरते. जहाज संथ गतीने चालत असताना तापमान आणि गढूळपणा मोजणारी उपकरणे मोटेसारखी खाली-वर करत नेतात. कोठे पाणी किंचित गढूळ लागते, कोठे मँगनीज वा हेलियमचा एक विशिष्ट प्रकार वाढलेला दिसतो; त्यावरून मागोवा घेत मूळ गाठायचे. २००३ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेवर परदेशी संशोधकांना असा सुमारे ७० किलोमीटर लांबीचा लोट सापडला. २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी याच रांगेवर वोकान हे निर्झरक्षेत्र शोधले. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था आणि गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र यांनी हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील जिवंत निर्झराचे छायाचित्र मिळवल्याचे जाहीर झाले.

एवढा खटाटोप केवळ ज्ञानासाठी चालला आहे, असे म्हणणे भोळेपणाचे होईल. त्या धुराड्यांत तांबे आहे, जस्त आहे. काही ठिकाणी सोने-चांदीही आहे. भर समुद्रातल्या तळावर कोणा एका देशाची मालकी नाही. त्याचा कारभार जमैकात मुख्यालय असलेले आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण पाहते. भारताने २६ सप्टेंबर २०१६ रोजी या प्राधिकरणाशी मध्य आणि नैर्ऋत्य हिंदी महासागरी रांगांतील १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात सल्फाइड धातुकांचा शोध घेण्याचा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये दुसरा करार झाला, तो कार्ल्सबर्ग रांगेवरील आणखी १०,००० चौरस किलोमीटरसाठी. हे करार शोधाचे आहेत, खाणकामाचे नव्हेत. खाणकामाची आंतरराष्ट्रीय नियमावली २०२५ च्या जुलैमधील अधिवेशनापर्यंत पूर्ण झालेली नव्हती.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? निर्झराभोवतीचे जीवन सूर्यावर उभे नाही. तेथील जिवाणू तप्त पाण्यातील हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवतात आणि बाकीचे जीव त्यांच्यावर जगतात. काही ठिकाणी तर बेसाल्टऐवजी पृथ्वीच्या आणखी खोलीतले ऑलिव्हिनयुक्त खडक वर आलेले असतात. पाण्याशी गाठ पडताच त्यांचे सापाच्या कातीसारख्या चट्ट्यापट्ट्यांच्या हिरव्या सर्पेंटाइनमध्ये परिवर्तन होते आणि त्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो. तोही जिवाणूंचे अन्न होतो. पृथ्वीवर जीवन प्रथम अशाच जागी उगवले असावे, असे मत काही शास्त्रज्ञ मांडतात. हिंदी महासागरातील काइरेई या निर्झरक्षेत्रात २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले आहेत आणि त्या खवल्यांवर लोहाच्या सल्फाइडचा मुलामा आहे. असे लोखंडी चिलखत घालणारा दुसरा प्राणी माहीत नाही. तो मोजक्याच निर्झरांपाशी राहतो. सागरतळाच्या खाणकामाचा धोका लक्षात घेऊन २०१९ मध्ये त्याला संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत घालण्यात आले.

खाणकामाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या विहिरीवरच्या मोटारीची गुंडाळी तांब्याची आहे. विजेच्या तारा, सौर पंप, विजेवरच्या गाड्या, सगळ्यांना तांबे लागते. जमिनीवरच्या खाणीही कोणाचे तरी गाव आणि रान उठवूनच चालतात. शिवाय धुराडी कायम जिवंत राहत नाहीत. पाण्याचा मार्ग बदलला की ती विझतात, आणि खाणकामाचा विचार मुख्यतः अशा विझलेल्या साठ्यांचाच होतो. पण जिवंत कोणते, विझलेले कोणते, आणि विझलेल्यांवरही कोण राहते, हे ठरवणार कोण? ते ठरते लोखंडी पेटीतून आलेल्या दगडांवरून आणि त्यांच्या पापुद्र्यांवरून. म्हणून खडकाच्या परिवर्तनाचा अभ्यास ही केवळ प्रयोगशाळेतली गोष्ट राहत नाही.

दगड न वाचता खोदले की काय होते, याचा अनुभव आपल्या तालुक्याला निराळ्या रीतीने आहेच. आमच्या चुलत्यांनी दुष्काळी वर्षात लागोपाठ दोन बोअर मारले. तीनशे फुटांच्या पुढे गेले तरी भुकटीच उडाली, आणि कर्ज तेवढे राहिले. बांधापलीकडच्या शेतात मात्र चाळीस फुटांची जुनी विहीर मार्चपर्यंत पाणी देते, कारण तिचा तळ मुरुमात आणि फुटक्या दगडात आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी राहायला जागा नसते. पाणी राहते ते पाण्यानेच पूर्वी फोडलेल्या, मऊ केलेल्या, परिवर्तित दगडात. यंत्र किती खोल जाते याला महत्त्व आहे, पण कोणत्या थरात जाते याला अधिक आहे. ही गोष्ट दोन एकरांच्या रानाला जशी लागू, तशी दहा हजार चौरस किलोमीटर सागरतळालाही लागू. फरक इतकाच की आमचा कोरडा बोअर दगड टाकून बुजवता येतो. निर्झराभोवतीचे गाव एकदा उठले तर ते पुन्हा वसेल की नाही, हे आपल्या हातात नाही.

सागरतळाचे निर्णय दिल्लीत आणि जमैकात होतील. तेथे अक्कलकोटच्या विद्यार्थ्याला कोणी बोलावणार नाही. पण अशा निर्णयांची बातमी वाचून ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणणारा समाज आणि ‘आधी दगड वाचला का?’ असे विचारणारा समाज यांत फरक आहे, आणि तो फरक महाविद्यालयांत पडतो. म्हणून शेवटी एक छोटी सूचना करतो. आपल्या भूगोल विभागाचे एक कपाट मोकळे करावे. सुटीत गावी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने चालू विहिरीच्या कामावरून चार तुकडे आणावेत: माती, मुरूम, कच्चा दगड आणि पाषाण. चिठ्ठीवर गावाचे नाव, खोली आणि पाणी किती फुटांवर लागले एवढे लिहावे. मैंदर्गी, दुधनी, तडवळ, जेऊर, चपळगाव अशा गावांचे तुकडे शेजारी शेजारी मांडले तर दोन-तीन वर्षांत तालुक्याच्या पोटाचा एक नकाशाच तयार होईल. कानडी घरातल्या मित्रांनी त्या थरांची कानडी नावेही लिहावीत. विहीर खणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक शब्द येतात, आणि ते शब्द त्यांच्याबरोबर जाण्याआधी नोंदले गेले पाहिजेत. माझ्या वाट्याचे चार तुकडे मी गुरुजनांच्या स्वाधीन केले आहेत. पाषाण सोळा फुटांवर लागला होता.